फिलाडेल्फिया, १७८७: लोकसंख्येप्रमाणे जागा की प्रत्येक राज्याला समान मत?

लोकप्रतिनिधींच्या जागा कशा वाटाव्यात, याविषयी मत ठरवू पाहणाऱ्यासमोर साधारणपणे दोन उत्तरे ठेवली जातात. माणसे मोजून त्या प्रमाणात जागा द्याव्यात, हे एक. राज्ये मोजून प्रत्येकाला सारखा वाटा द्यावा, हे दुसरे. आपल्याकडे लोकसभेच्या जागांच्या फेरवाटपाचा विषय निघाला, की लहान राज्यांच्या किंवा लोकसंख्येची वाढ रोखलेल्या राज्यांच्या बाजूने बोलणारे कोणीतरी अमेरिकेच्या सिनेटचे, म्हणजे प्रत्येक राज्याला सारख्याच जागा देणाऱ्या तिथल्या दुसऱ्या सभागृहाचे, उदाहरण हमखास देते. तो दाखला मान्य करण्यापूर्वी किंवा झिडकारण्यापूर्वी सिनेटमधील समान वाटा कोणत्या परिस्थितीत, किती मतांनी आणि कशाच्या बदल्यात ठरला, हे नीट पाहून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून १७८७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेची राज्यघटना जिथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात, समोर आलेले पर्याय येथे शेजारी शेजारी ठेवून तपासले आहेत. माझा कल कोणीकडे आहे, हेही लपवलेले नाही.

अधिवेशन भरले तेव्हा तेरा राज्यांचा संघ १७८१ मध्ये अमलात आलेल्या संघनियमांवर चालत होता. त्या नियमांनुसार काँग्रेसला, म्हणजे संघाच्या विधिमंडळाला, एकच सभागृह होते. राज्याने दोन ते सात प्रतिनिधी पाठवावेत, पण त्या सर्वांचे मिळून मत एकच, अशी व्यवस्था होती. महत्त्वाच्या बाबींना नऊ राज्यांची संमती लागे आणि मूळ नियम बदलायचे तर तेराही राज्यांची. त्याचा परिणाम लवकरच दिसला. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर कर बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला आणि पुढचा तसाच प्रस्ताव न्यूयॉर्कमुळे बारगळला. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागावेत आणि राज्यांनी सवडीने द्यावेत किंवा देऊ नयेत, असा तो कारभार होता. समान मताच्या बाजूने उभे राहणाऱ्याने ही पार्श्वभूमी विसरू नये, कारण तो नियम कागदावरची कल्पना नव्हता. सहा वर्षे वापरून झालेला तो नियम होता आणि त्याच्या मर्यादा सर्वांनी भोगल्या होत्या.

व्हर्जिनियाचा मसुदा

२९ मे १७८७ रोजी व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांनी पंधरा ठराव मांडले. त्यामागचा विचार मुख्यतः जेम्स मॅडिसन यांचा होता. विधिमंडळाची दोन सभागृहे असावीत, पहिले जनतेने निवडावे आणि दुसरे पहिल्याने निवडावे, त्यासाठी नावे मात्र राज्यांच्या विधिमंडळांनी सुचवावीत, अशी ती मांडणी होती. दोन्ही सभागृहांतील राज्याचा वाटा त्याने भरलेल्या रकमेप्रमाणे किंवा त्याच्या स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) रहिवाशांच्या संख्येप्रमाणे ठरणार होता. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकारही केंद्रीय विधिमंडळाला मिळणार होता.

या मसुद्याच्या बाजूचा सर्वांत सडेतोड युक्तिवाद पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी ९ जूनला केला. न्यू जर्सीच्या पन्नास माणसांची बरोबरी करायला पेनसिल्व्हेनियाची दीडशे माणसे लागतात काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सरकारचा अंमल जर राज्यांवर नव्हे तर थेट नागरिकांवर चालणार असेल, कर नागरिक भरणार असेल आणि शिक्षा नागरिकाला होणार असेल, तर मतही नागरिकाचेच मोजले पाहिजे. तत्त्व म्हणून या युक्तिवादाला मला आजही उत्तर सापडत नाही.

पण भीतीला उत्तर तत्त्वाने मिळत नाही. त्याच दिवशी न्यू जर्सीचे डेव्हिड ब्रिअर्ली यांनी हिशेब मांडला की या पद्धतीने व्हर्जिनियाला सोळा मते मिळतील आणि जॉर्जियाला एक. बरोबरीच हवी असेल तर देशाचा नकाशा पसरावा, सगळ्या सीमा पुसाव्यात आणि तेरा सारखे भाग पुन्हा पाडावेत, असे त्यांनी सुचवले. कोणीही हे करणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण त्या सूचनेत एक मर्म आहे. राज्यांच्या सीमा इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदांनी आणि योगायोगाने पडलेल्या होत्या. त्या तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या आतली डोकी मोजून सत्ता वाटायची, म्हणजे एका योगायोगाला अधिकाराचे रूप द्यायचे, अशी त्यांची तक्रार होती.

न्यू जर्सीचा मसुदा

१५ जूनला विल्यम पॅटरसन यांनी मांडलेला दुसरा मसुदा पुष्कळदा नुसता नकार म्हणून सांगितला जातो. ते बरोबर नाही. एकच सभागृह आणि राज्यागणिक एक मत हा जुना नियम त्याने कायम ठेवला, हे खरे. परंतु काँग्रेसला आयातकर, मुद्रांक शुल्क आणि टपालाचे उत्पन्न मिळवण्याचा अधिकार त्यात दिला होता, व्यापाराचे नियमन दिले होते आणि संघाचे कायदे राज्यांच्या कायद्यांपेक्षा श्रेष्ठ मानावेत, असे कलमही होते. हे शेवटचे कलम पुढे राज्यघटनेच्या पायाचा दगड ठरले. म्हणजे लहान राज्यांचा मजबूत केंद्राला विरोध नव्हता. त्या केंद्रात आपला आवाज बुडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डेलावेअरच्या शिष्टमंडळाला तर समान मताचा नियम बदलू देऊ नये, असे लेखी बंधन घालूनच पाठवण्यात आले होते.

१९ जूनला व्हर्जिनियाच्या मसुद्याला सात, न्यू जर्सीच्या मसुद्याला तीन राज्यांचा कौल मिळाला आणि मेरीलँडची मते आतल्या आत फुटून निष्प्रभ झाली. वाचकाला वाटेल, विषय संपला. तो संपला नाही, कारण हरलेली बाजू उठून गेली तर हाती काय राहील, हा प्रश्न जिंकलेल्यांपुढे उभा होता. ३० जूनला डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड यांनी तो उघडच विचारला: मोठ्या राज्यांनी संघ मोडला, तर लहान राज्यांना हात देणारा एखादा अधिक प्रामाणिक परकीय मित्र मिळेल. स्वातंत्र्ययुद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. अशा सभेत हे वाक्य किती जिव्हारी लागले असेल!

मोजणाऱ्याचा नियम

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सारा निकाल या एका गोष्टीवर फिरला आणि तुलना करणारे बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. अधिवेशनात मतदान राज्यागणिक होत होते. व्हर्जिनियाचे सात प्रतिनिधी एकीकडे, डेलावेअरचे पाच दुसरीकडे, आणि दोघांचे मत एकेकच. अधिवेशन सुरू होण्याआधी पेनसिल्व्हेनियाच्या काहींनी, त्यांत गव्हर्नर मॉरिस होते (गव्हर्नर हे त्यांचे नाव आहे, हुद्दा नव्हे), लहान राज्यांना समान मत नाकारावे, असे सुचवले होते. आरंभीच फूट पडेल, या भीतीने व्हर्जिनियाच्या मंडळींनी ती सूचना बाजूला ठेवायला लावली. प्रमाणाच्या तत्त्वाचे सर्वांत मोठे समर्थक अशा रीतीने समान मताच्या पाटावर जेवायला बसले.

त्या पाटावर काय घडले, ते २ जुलैच्या मतदानात जवळून पाहता येते. दुसऱ्या सभागृहात प्रत्येक राज्याला समान मत असावे, हा कनेटिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थ यांचा ठराव मतास आला. मेरीलँडचे डॅनियल जेनिफर त्या वेळी सभागृहात पोचले नव्हते, म्हणून एकट्या ल्यूथर मार्टिन यांनी मेरीलँडचे मत ठरावाच्या बाजूने टाकले. सर्वांत शेवटी जॉर्जियाचे नाव पुकारले गेले. तिचे दोनच प्रतिनिधी हजर होते. त्यांपैकी अब्राहम बाल्डविन हे तोपर्यंत समान मताचे विरोधक होते, पण त्यांचा जन्म आणि शिक्षण कनेटिकटचे होते. त्यांनी बाजूने मत दिले, सहकाऱ्याने विरोधात दिले आणि जॉर्जियाचे मत फुटले. पाचास पाच अशी बरोबरी झाली. अधिवेशन मोडू नये म्हणून बाल्डविन तसे वागले, असे मार्टिन यांनी पुढे सांगितले आहे. एक माणूस उशिरा आला, एकाने मन बदलले आणि प्रमाणाचे तत्त्व त्या सकाळी जिंकता जिंकता राहिले.

मग प्रत्येक राज्याचा एक सदस्य घेऊन एल्ब्रिज गेरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ४ जुलैची सुटी मध्ये घालून समितीने ५ जुलैला अहवाल दिला. रुंद टेबल करताना फळ्यांच्या कडा जुळत नसतील तर सुतार दोन्ही फळ्या थोड्याथोड्या तासतो आणि सांधा नीट बसवतो, असे बेंजामिन फ्रँकलिन यांनी ३० जूनलाच सांगून ठेवले होते. या समितीत तेही होते.

कनेटिकटची तडजोड

या सांध्याची कल्पना मुळात कनेटिकटच्या रॉजर शर्मन यांची. पहिल्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला एक मत, असे त्यांनी ११ जूनलाच सुचवले होते. त्या दिवशी दुसऱ्या सभागृहातील समान मत सहा विरुद्ध पाच मतांनी फेटाळले गेले. पाच आठवड्यांनी, १६ जुलैला, तीच कल्पना पाच विरुद्ध चार मतांनी मान्य झाली. कनेटिकट, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना बाजूने, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया विरोधात, मॅसॅच्युसेट्स फुटलेले. न्यूयॉर्कचे दोन प्रतिनिधी १० जुलैलाच निघून गेले होते, न्यू हॅम्पशायरचे अजून पोचले नव्हते आणि ऱ्होड आयलंडने कोणाला पाठवलेच नव्हते.

तीन वर्षांनी झालेल्या १७९० च्या जनगणनेचे आकडे या मतदानाशेजारी ठेवून पाहावेत. बाजूच्या पाच राज्यांची लोकसंख्या जवळपास ११ लाख ९५ हजार भरते. विरोधातल्या चार राज्यांची १५ लाख १३ हजारांहून अधिक. मोजणी डोक्यांनी झाली असती तर सिनेटमधील समान वाटा त्या दिवशी नामंजूर झाला असता. म्हणून सिनेट ही घटनाकारांच्या एकमुखी शहाणपणातून निघाली, असे कोणी सांगू लागले, तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवावा. समान मताच्या नियमाने समान मताचा नियम वाचवला, हे अधिक खरे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांचे प्रतिनिधी आपसात बसले, पुढे काय करावे यावर त्यांचे एकमत झाले नाही आणि ते मुकाट्याने कामाला लागले.

मोठ्या राज्यांना त्या बदल्यात काय मिळाले? पैशांची विधेयके पहिल्या सभागृहातच निघावीत आणि दुसऱ्याने त्यांत फेरफार करू नये, ही सवलत. मॅडिसन यांनी तिला सवलत मानायलाच नकार दिला होता आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले, कारण अंतिम मसुद्यात सिनेटला अशा विधेयकांत दुरुस्त्या सुचवण्याची मुभा मिळाली. मला अधिक मोलाची वाटते ती २३ जुलैची गोष्ट. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असतील आणि ते प्रत्येकी स्वतंत्र मत देतील, असे त्या दिवशी ठरले. जुन्या काँग्रेसमध्ये राज्य एक होऊन मत देत असे. येथे एकाच राज्याचे दोन सिनेटर परस्परविरोधी मत देऊ शकतात. वाटा राज्याचा राहिला, आवाज मात्र व्यक्तीचा झाला. ल्यूथर मार्टिन यांनी या बदलाला विरोध केला तो याच कारणाने.

माणसे मोजायची, पण कोणती?

आतापर्यंतची तुलना मोठे आणि लहान अशी चालली. मॅडिसन ३० जूनलाच म्हणाले होते की खरी दुफळी आकाराची नाहीच. ती उत्तर आणि दक्षिण अशी आहे आणि तिचे मूळ गुलामगिरीत आहे. या एका वाक्यासाठी त्या अधिवेशनातील त्यांची बाकीची सगळी भाषणे बाजूला ठेवावीत, इतके ते खोल आहे.

लोकसंख्येप्रमाणे जागा म्हटले की कोणाची लोकसंख्या, हे ठरवावे लागते. गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरावी, हे प्रमाण १७८३ मध्ये काँग्रेसने राज्यांवरचा करभार वाटण्यासाठी सुचवले होते. कराच्या हिशेबात दक्षिणेला गुलाम कमी मोजलेले हवे होते. आता जागांच्या हिशेबात तिला ते पूर्ण मोजलेले हवे झाले. ११ जूनला विल्सन यांनीच, म्हणजे ज्यांनी माणसाला माणूस मोजण्याचा युक्तिवाद केला त्यांनीच, तीन-पंचमांशाचा नियम मांडला आणि तो नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. विरोध फक्त न्यू जर्सी आणि डेलावेअरचा होता. पॅटरसन यांनी ९ जुलैला रोखठोक विचारले, की ज्या राज्यांत ही माणसे राहतात त्या राज्यांच्या विधिमंडळातही त्यांना प्रतिनिधित्व नाही, मग ते केंद्रात कोणत्या न्यायाने? व्हर्जिनियात एखाद्या मालकाला त्याच्या गुलामांच्या संख्येप्रमाणे जादा मते मिळतात काय? या प्रश्नाला तेव्हा उत्तर दिले गेले नाही. राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्दही आला नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ असे लिहून भागवले गेले.

या नियमाचा परिणाम दोन राज्यांच्या आकड्यांत पाहावा. १७९० मध्ये व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ५५ हजार स्वतंत्र माणसे होती, पेनसिल्व्हेनियात सुमारे ४ लाख ३१ हजार, फरक नगण्य. पण व्हर्जिनियात २ लाख ९२ हजारांहून अधिक माणसे गुलाम होती, पेनसिल्व्हेनियात पावणेचार हजारांच्या आसपास. १७९२ मध्ये ३३ हजारांमागे एक प्रतिनिधी या हिशेबाने जागा वाटल्या गेल्या, तेव्हा पेनसिल्व्हेनियाला १३ आणि व्हर्जिनियाला १९ जागा मिळाल्या. तोच भाजक ठेवून, अपूर्णांक तसाच सोडून, केवळ स्वतंत्र माणसे मोजली, तर दोघांच्याही वाट्याला १३ येतात. मधल्या सहा जागा ज्यांच्या नावावर मिळाल्या, त्यांना त्या सहा प्रतिनिधींपैकी एकालाही मत देता येत नव्हते. त्या जागांवर त्यांचे मालक किंवा मालकांचे शेजारी बसले.

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात राज्याची मते म्हणजे त्याच्या प्रतिनिधींची आणि सिनेटरांची बेरीज, त्यामुळे ही वाढ तेथेही पोचली. १८०० च्या निवडणुकीत व्हर्जिनियाचे थॉमस जेफरसन यांना ७३ आणि जॉन अॅडम्स यांना ६५ मते पडली. आठ मतांचा तो फरक दक्षिणेला गुलामांच्या मोजणीतून मिळालेल्या जादा मतांपेक्षा कमी होता, असे अनेक इतिहासकार दाखवून देतात.

या तीन-पंचमांशाला इतर तडजोडींच्या रांगेत बसवून ‘दोन्ही बाजूंनी थोडेथोडे सोडले’ असे म्हणणे मला मान्य नाही. मोठ्या आणि लहान राज्यांच्या भांडणात दोन्ही पक्ष खोलीत हजर होते. या व्यवहारात ज्यांची किंमत ठरली, त्यांचा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. गव्हर्नर मॉरिस यांनी ८ ऑगस्टला या अन्यायावर घणाघाती भाषण केले, पण त्यामुळे निर्णयाचा एक शब्दही बदलला नाही.

बदलता येणारे आणि न येणारे

तिन्ही पर्याय तोलताना मी एका मापाला सर्वांत अधिक वजन देतो: चूक झाली असे पुढे वाटले, तर ती दुरुस्त करण्याची सोय कोणती? या मापाने पाहिले की तडजोडीची दोन सभागृहे अगदी वेगळी दिसतात.

प्रतिनिधिगृहाला, म्हणजे पहिल्या सभागृहाला, दुरुस्तीची सोय पहिल्यापासून मिळाली. आरंभीच्या ६५ जागा अंदाजाने वाटल्या गेल्या (व्हर्जिनियाला १०, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियाला आठ-आठ, डेलावेअर आणि ऱ्होड आयलंडला एकेक) आणि दर दहा वर्षांनी जनगणना करून त्या नव्याने वाटण्याचे बंधन घातले गेले. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, ४० हजारांमागे एक हे प्रमाण ३० हजारांवर आणले गेले. एरवी अधिवेशनाच्या अध्यक्षपदावर गप्प बसणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी या बदलाच्या बाजूने स्वतः दोन शब्द सांगितले. भांडणे पुढेही झाली. वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिला नकाराधिकार वापरला तो एप्रिल १७९२ मध्ये याच विषयावर. मंजूर झालेल्या विधेयकाने काही राज्यांना त्यांच्या अपूर्णांकाबद्दल एकेक जादा जागा दिली होती आणि ती ३० हजारांमागे एक या मर्यादेत बसत नव्हती. डेलावेअरची मोजण्याजोगी लोकसंख्या होती साडेपंचावन्न हजार. अपूर्णांक वर घेतला तर दोन जागा, सोडला तर एक. अखेर एक मिळाली. ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ हे शब्द ऐकायला सरळ वाटतात, पण उरलेला तुकडा कोणाच्या पानात वाढायचा, हा निर्णय राजकीयच असतो. तरीही दहा वर्षांनी पुन्हा मोजणी होते, हे या सभागृहाचे बळ. तीन-पंचमांशाचा कलंकही यादवी युद्धानंतर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पुसता आला, जरी त्यासाठी मोजलेली किंमत भयंकर होती.

सिनेटच्या समान वाट्याला मात्र कुलूप घातले गेले. १५ सप्टेंबरला, अधिवेशन संपायला दोन दिवस उरले असताना, शर्मन यांच्या आग्रहामुळे घटनादुरुस्तीच्या कलमातच एक वाक्य घातले गेले: कोणत्याही राज्याचा सिनेटमधील समान हक्क त्याच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही. त्याच कलमात गुलामांच्या आयातीसंबंधीच्या तरतुदीलाही १८०८ पर्यंत संरक्षण दिलेले आहे, पण ते मुदतीचे होते. सिनेटच्या संरक्षणाला मुदत नाही. सिनेटरांची निवड राज्यांच्या विधिमंडळांकडून काढून १९१३ मध्ये सतराव्या दुरुस्तीने थेट मतदारांकडे दिली गेली. संख्या मात्र दोनच राहिली.

याचे परिणाम दोन शतकांत वाढत गेले. १७९० मध्ये व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या सुमारे साडेबारा पट होती. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाख माणसे होती, वायोमिंगमध्ये ५ लाख ७७ हजार. हे अंतर अडुसष्ट पटींचे आहे आणि दोघांचेही सिनेटर दोन-दोन. शिवाय राज्ये किती आणि कोणती असावीत, हाच सत्तेचा खेळ झाला. १८१९ मध्ये गुलामगिरी मानणारी आणि न मानणारी राज्ये अकरा-अकरा होती. मिसुरीतील गुलामगिरीवर निर्बंध घालणारी दुरुस्ती त्या वर्षी प्रतिनिधिगृहाने मंजूर केली आणि सिनेटने फेटाळली. १८२० मध्ये मिसुरीच्या जोडीला मेन राज्य घेऊन समतोल राखला गेला. मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरी नसावी, ही तरतूद १८४६ आणि १८४७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाली, सिनेटमधून पार पडली नाही. लहान राज्यांच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत शेवटी दक्षिणेच्या हिताची तटबंदी झाली, आणि डेलावेअर मोठ्या राज्यांकडून गिळले जाईल ही भीती कधी खरी झाली नाही.

मग तडजोड चूक होती काय? १७८७ पुरते उत्तर द्यायचे तर नाही, आणि याचा पुरावा मंजुरीच्या क्रमात आहे. राज्यघटनेला सर्वांत आधी, ७ डिसेंबर १७८७ रोजी, एकमताने मान्यता दिली ती डेलावेअरने. न्यू जर्सीनेही त्याच महिन्यात एकमताने दिली. अडचण आली ती मोठ्या राज्यांत: मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. नऊ राज्यांची संमती लागत होती. समान सिनेट नसती, तर ही नऊ राज्ये जमवताना पहिल्याच पायरीवर अडखळावे लागले असते. मंजुरीच्या प्रचारात मॅडिसन यांनी सिनेटचे समर्थन केले ते याच शब्दांत, की ही सिद्धांताची नव्हे, तडजोडीची निपज आहे. अधिवेशनातील इतक्या तीव्र मतभेदानंतर इतक्या सरळपणे लिहिणारा माणूस मला आदरणीय वाटतो.

म्हणून मत ठरवणाऱ्याला माझे सांगणे असे. स्वतंत्र राज्ये प्रथमच एकत्र येत असतील, प्रत्येकाला बाहेर राहण्याचा खरा पर्याय असेल आणि संघ न होण्याचा धोका सर्वांनाच मोठा वाटत असेल, तर शर्मन यांचा मार्ग घ्यावा; मात्र समान वाट्याला मुदत किंवा फेरविचाराची अट जरूर घालावी. संघ आधीच उभा असेल आणि नागरिक एकाच राज्यघटनेखाली जगत असतील, तर विल्सन यांचा युक्तिवाद अधिक भारी ठरतो आणि समान वाटा मागणाऱ्याने त्याची गरज नव्याने सिद्ध केली पाहिजे. आणि कोणतीही योजना निवडताना कोणाला मोजले जाते आणि कोणाला मत देता येते, या दोन याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. त्यांच्यात अंतर दिसले तर तेथेच थांबावे.

भारताच्या घटनासमितीने दुसरा मार्ग घेतला. राज्यसभेतील जागा समान नाहीत. चौथ्या अनुसूचीप्रमाणे आज उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या २. राज्यांना मिळणाऱ्या लोकसभेच्या जागांची संख्या १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठवली गेली आणि पुढच्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हे गोठवणे योग्य की अयोग्य, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. पण आपल्या कुलपावर तारीख लिहिलेली आहे, आणि फिलाडेल्फियाच्या कुलपावर ती लिहायची राहून गेली.